आधी पेटी, मग रडणं

मयताच्या घरी कोणी लाकडं घेऊन जातो, कोणी पाणी भरतो, कोणी नुसताच हात बांधून उभा राहतो. पारुलबाई सायकलवर जायची आणि दारातूनच विचारायची, "पेटी कुठी आहे?"

तिला असं करताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खोटं कशाला लिहू. मी आमच्या गावचा कोतवाल होतो आणि शेजारची सात नंबरची वस्तीही माझ्याकडेच होती. तिथे निरापद नावाचा बंगाली म्हातारा मेला म्हणून खबर घ्यायला गेलो. अंगणात म्हातारा झाकून ठेवलेला, बायका ऊर बडवत होत्या, पोरं तिरडीचे बांबू सारखे करत होती. एवढ्यात ही आली. सायकल कुडाला टेकवली, पदर कमरेला खोचला आणि सरळ म्हाताऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. पाया पडेल असं वाटलं. तिनं उशीखाली हात घातला. मग त्याच्या बंडीचे खिसे पाहिले. मग कंबरेची गाठ चाचपली.

म्हाताऱ्याची सून किंचाळली, "दीदी, मढ्याले काऊन हात लावता?"

"रडाले सारा जनम पडला आहे, बाई. आधी पेटी, मंग रडणं."

कागद निघाला म्हाताऱ्याच्या छातीवर, गंजीच्या आत. मेणकापडात गुंडाळलेला, वरून सुतळी. पोरानंच ठेवला होता, बापाबरोबर जाळायला. पारुलबाईनं तो दोन्ही हातांनी वर धरला, लहान लेकरू धरावं तसा, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडली, "हा जळला असता तर हा पोरगा कोणाचा, कुठला, हे सरकारनं कोणाले विचारलं असतं? राखेले?"

 बायकांचं रडणं दोन श्वास थांबलं. तिला मारायला उचललेला हात मीच खाली घेतला. त्या दिवसापासून मी त्या बाईकडे नीट पाहायला लागलो, आणि मग पाहतच राहिलो.

सात नंबर म्हणजे काय ते सांगतो. मुलचेऱ्याकडे जाताना सागाचं जंगल सरतं आणि एकदम घराघरामागे तळी दिसायला लागतात, तळ्याकाठी केळी, आणि हवेत मासळीचा वास. समजायचं, बंगाली वस्ती आली. ही माणसं त्यांचा मुलूख फाटला तेव्हा पळून आलेली. सरकारनं जंगल तोडून त्यांना जमिनी दिल्या, वस्त्यांना नंबर दिले. पुढे त्यांनी गावाला गोड नाव ठेवलं, पण आमच्या तोंडात सात नंबर बसला तो बसला. ट्रकातून आलेल्यांची नावं सरकारी यादीत चढली. पारुल ट्रकातून आली नाही. बाप वाटेतच गेला, आणि छावणी सोडून मायलेकी मामाला शोधत पायी आल्या. आमच्या घरी बांबूच्या तांदळाचा भात जेवल्या आणि पुढे सात नंबरात गेल्या. तेव्हा पारुल नऊ वर्षांची असेल. मी तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा.

दिसायला कशी म्हणाल तर बुटकी, काळीसावळी, तोंडात कायम पान. हसली की सगळे लाल दात दिसायचे. सायकल पुरुषाची, मधल्या दांडीची. लुगड्यात त्या दांडीवरून पाय कसा टाकायची ते मला चाळीस वर्षांत कळलं नाही. मागे हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी, तिच्या आईची. कुलूप कधी नव्हतं, जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलेली. हिशेब बोटांच्या पेरांवर करायची, अंगठा पेरापेरावरून पळायचा. आणि कोणी भेटलं की कसे आहात म्हणायची नाही. म्हणायची, "कागद बरा आहे का?"

लोक हसायचे. मीही हसायचो. "बाई, कागदाले ताप येते का?"

"येते जी कोतवालदादा. वाळवी लागते, उंदीर लागते, पोराचं लग्न लागते. लग्नात पेटी हलली की कागद गेला समजा."

लग्न तिनं केलं नाही. मुलचेऱ्याच्या बाजारात मासळीवाल्यांच्या ओळीच्या शेवटी पोतं अंथरून बसायची. समोर मासे नाहीत, पेटी. शेजारचा गिऱ्हाइकाला म्हणायचा, "तिच्याकडची मासळी मोजून नाई, वाचून भेटते." बायका सुपल्यात भाजी घेऊन यायच्या आणि पदरातून कागद काढायच्या. ती वाचून दाखवायची, हा छावणीचा, हा जमिनीचा, हा सीमेवरचा, याच्या तीन नकला काढ, एक बहिणीकडे ठेव. वाचायला ती स्वतः शिकली. दुसरीपर्यंत शाळा केलेला मी, आणि मी पंचायतीत ऐटीत सही करायचो. ही बाई माझ्यापेक्षा भराभर वाचते हे पाहून मला आठ दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

सगळ्यांचे कागद सांभाळणाऱ्या या बाईचा स्वतःचा कागद नव्हता. हे सात नंबरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्यापुढे कोणी बोलत नसे. मला तिनं स्वतः सांगितलं, तळ्याच्या पाळीवर, कपडे आपटता आपटता.

आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची. सीमेवर मिळालेली चिठ्ठी एकच, तिच्यावर आईचं नाव आणि खाली हिचं. आईला चितेवर ठेवलं तेव्हा हिनं ती चिठ्ठी आईच्या पदराच्या गाठीत बांधली.

"काऊन वो?" मी विचारलं.

"आमी सारी वाट येऊन राह्यलो होतो ना दादा, तर जिथी जाऊ तिथी कागद मागत. घाटावर मागत, गाडीत मागत, छावणीत भाकरीच्या रांगेत मागत. मले वाटलं, वरतीही दारात कोणी बसला असंल. माही माय तिथी तरी अडू नये."

तिनं कपडा पिळला.  मग ती हसली. "मायले भेटलं असंल घर. मी इथी राह्यली बिना कागदाची."

आणि हे एकट्या तिनं केलं नव्हतं. त्या पिढीतल्या कितीतरी घरांनी हेच केलं. ज्यानं सगळा जन्म चिठ्ठी छातीशी धरली, त्याच्यापासून ती मेल्यावर काढून घ्यायची कशी, असा मायेचा विचार. कोणी चितेत दिली, कोणी राखेबरोबर नदीत सोडली. पुढे पोरांना जातीचा दाखला हवा, जमिनीचा पट्टा नावावर हवा, तेव्हा साहेब म्हणाले, बाप कुठून आला ते दाखवा. दाखवायला काही नाही. इथेच जन्मली पोरं, इथल्याच मातीत लोळली, पण लिहून कुठे काही नाही.

म्हणून ती मयताच्या दारात उभी राहायची.

एक दिवस ती माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, दवंडी द्या. मढ्यासंग कागद जाळू नका, अशी."

मी खाटेवर बसलो होतो. उठलोही नाही. "दवंडी सरकारच्या हुकमानं निघते. कोण्या बाईच्या हुकमानं नाई."

"सरकार नाई सांगत तं कोण सांगल?"

"ते मले नाई माहीत. माहा बाप कोतवाल होता. दीक्षा घेतली तवा त्यानं गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, पण ढोल सोडला नाई. त्या ढोलाले इज्जत आहे."

ती दारातच मटकन बसली. पानाची पिचकारी बाजूला टाकून म्हणाली, "म्हणजे तुमच्या बापानं एक गावकीचं काम आपल्या मनानं सोडलं. तुमी एक आपल्या मनानं धरू शकत नाई का?"

मी तिला हाकलली. घरचे म्हणाले, किती अडेल माणूस. मी म्हटलं, आहे. दोन दिवस ढोल खुंटीवरून माझ्याकडे पाहत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो विस्तवावर धरून तापवला आणि सात नंबरात गेलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरडलो, "ऐका हो ऐका! माणूस गेला तं माणसाले लाकडं द्या, कागद देऊ नका हो!" हुकूम कोणाचा ते सांगितलं नाही. पोरं मागे धावत होती, म्हातारे दारात आले. शेवटच्या घरापाशी पारुलबाई उभी होती. ती घरातून माझ्यासाठी चुलीवरचा चहा घेऊन आली. साखर इतकी की चमचा उभा राहावा.

मग तर तिला पंख फुटले. बंगाली लोक सरस्वतीच्या पूजेला पुस्तकं, लेखण्या देवीपुढे ठेवतात आणि त्या दिवशी कोणी वाचत लिहीत नाही. हिनं ठरवलं, घरोघरचे कागदही देवीपुढे यायला पाहिजेत. पहिल्या वर्षी चार घरं आली. पुढे पुढे मांडवात मूर्तीच्या पायापाशी गाठोडी, डबे, बिस्किटाचे पुडके यांचा ढीग लागायला लागला. तो दिवस कागद नुसते बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात चादरी अंथरून सगळं वाचून काढायचं, वाळवी झटकायची, फाटकं चिकटवायचं, नकला पेटीत. घरच्या सुनांनी वाचायचं, पुरुषांनी ऐकायचं, हा तिचाच नियम. कारण सून त्या घरात सगळ्यात जास्त दिवस राहणार.

मला तिनं बोलावलं तर मी म्हटलं, "मी मूर्तीपुढं हात जोडत नाई."

"नका जोडू. ढोल वाजवा. हात कामात राहतील तं जोडाले उरणार नाई."

अशी होती. तिच्याशी भांडून जिंकलेला माणूस मला दाखवा.

आता मुख्य गोष्ट. नवा कायदा आला की सीमेपलीकडून आलेल्यांनी मोबाईलवर अर्ज करायचा, मग नागरिक असल्याचा पक्का दाखला मिळतो. सात नंबरात पळापळ झाली. वस्तीतल्या शिकलेल्या पोरी सेतू केंद्रात बसून अर्ज भरू लागल्या आणि पारुलबाई त्यांच्या मागे पेटी घेऊन उभी. ज्यांचे कागद जळण्यातून वाचले होते त्यांचे अर्ज सरसर गेले. निरापदच्या पोराचाही गेला, छातीवरच्या त्या कागदावर. राहिली ती जळलेल्या कागदांची दहाबारा घरं. आणि ती स्वतः.

त्यात एक भीती होती. अर्ज करायचा म्हणजे आपल्या हातानं लिहून द्यायचं की मी बाहेरून आले. अर्ज फेटाळला तर? आज मतदानाचं कार्ड आहे, राशन आहे, मामानं दिलेलं घर आहे. ते सगळं हातानं सोडून दिल्यासारखं. मी म्हटलं, "तुले काय गरज? या वयात कोण विचारते?"

"ते दहाबारा घरं माह्याकडे पाहून राह्यले ना दादा. पहिल्यानं कोणी तरी तळ्यात उतरलं पाह्यजे. माहं झालं तं त्यांचं होईल."

"आन नाई झालं तं?"

"तं बुडीन. तुमी दवंडी द्या, पारुल बुडाली म्हणून."

इथल्या जुन्या माणसाचं शपथपत्र चालतं असं कळलं. म्हणजे मी. वकिलानं टाईप करून आणलं. मी चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं, सगळ्यांना ताटकळत ठेवून. त्यात लिहिलं होतं की सदर बाई अमुक वर्षी अमुक तारखेला भारतात आली हे मला स्वतःला माहीत आहे. मी कागद परत दिला.

"मी सही करत नाई."

वकील म्हणाला, "बाबा, नुसती पद्धत असते."

"मी ते तारीख पाह्यली नाई. मी सीमेवर नव्हतो. जे पाह्यलं नाई त्याच्यावर मी सही करत नाई. आजपावेतो केली नाई."

 पारुलबाईचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आईची गोष्ट सांगतानाही नाही. "आख्खा जनम गेला दादा! एक सही! तुमचा ताठा तुमच्यासंग जाळा!"

"ताठा नाई बाई. उद्या साहेबानं मले विचारलं, बाबा, तारीख कशी आठवते, तं मी काय सांगू? खोटं धरल्या जाईल आन तूही धरल्या जाशील. मले तारीख नाई माहीत. मले साल माहीत आहे. तू आली त्या साली आमच्या टेकडीवरचा कटंग फुलला होता."

ती रडता रडता थांबली. वकिलाला काही समजलं नाही.

मी त्याला सांगितलं. कटंग बांबू माणसाच्या जन्मात एकदा फुलतो आणि फुलला की आख्खा मरतो. त्या साली सगळी टेकडी पिवळी झाली, बी गळलं, बाया टोपल्यांनी झाडून आणायच्या आणि त्या तांदळाचा भात करायच्या. आमच्या आईनं त्या मायलेकींना तोच भात वाढला. पोरीनं विचारलं, इतका बारका तांदूळ कोणत्या शेतातला? आई म्हणाली, हे शेत कोणी पेरत नाही. आणि वाळलेल्या बांबूला आग लागते म्हणून जंगल खात्यानं मला दवंडी द्यायला लावली होती, कोणी बिडी पेटवून जंगलात जाऊ नका. मी दिलेली दवंडी मी विसरत नाही.

पारुलबाईचा अंगठा पेरांवरून पळायला लागला. "दादा," ती हळू म्हणाली, "जंगल खातं हे लिहून ठेवत असंल ना?"

अरे बाप रे! आम्ही दोघं तडक निघालो. ती सायकलवर, मी एका पोरीच्या गाडीवर मागे बसून, टोपी हातानं धरून. रेंज हापिसात रेंजर बाई होती, तरुण. आधी तिला वाटलं म्हातारे काही तक्रार घेऊन आले. ऐकलं तेव्हा खुर्ची मागे सारून उठली. कपाटाच्या खालच्या खणातून एकेक वही निघायला लागली, वाळवीनं कडा खाल्लेल्या, शाई तांबडी झालेली. तिघं आम्ही फरशीवर बसलो. पारुलबाई पान थुंकून आली आणि वह्या अशा उलटू लागली जशी मयताच्या घरची पेटी उघडावी.

तीच ओरडली. "कटंग! दादा, कटंग!"

वर टेकडीचं नाव, जंगलाचा नंबर, साल. कटंग सर्वत्र फुलला, आगीचा पहारा बसवला. आणि त्याखाली, माझ्या डोळ्याला खोटं वाटलं, गावात कोतवालामार्फत दवंडी दिली. माझं नाव नव्हतं. पण तो कोतवाल मीच. माझी दवंडी सरकारी वहीत चढलेली मी माझ्या डोळ्यानं वाचली. रेंजर बाईनं शिक्का मारून नक्कल दिली आणि आम्हाला तिच्या डब्यातली मोसंबी सोलून दिली.

अर्ज तपासायला पोस्टाच्या हापिसात समिती बसली. मी धुतलेलं धोतर घालून गेलो. शपथपत्रात या वेळी बांबू लिहिला होता आणि मी सही केली, सगळं नाव, एकही अक्षर न गाळता. साहेबानं विचारलं, "बाबा, इतक्या वर्षांपूर्वीचं नक्की आठवतं?"

"साहेब, तुमी फुललेला बांबू पाह्यला आहे का?"

"नाही."

"पाह्यला असता तं विचारलं नसतं."

बाजूचा एक जण हसला. साहेब हसला नाही, पण त्यानं वहीची नक्कल दोनदा वाचली. मग पारुलबाईला निष्ठेची शपथ वाचायला दिली. ती उभी राहून वाचत होती, एवढ्या मोठ्यानं की बाहेर पाकिटं वजन करणारे थांबून ऐकत होते.

तीन महिने काही नाही. तिनं मयतं केली, बाजार केला, मला कागद बरा आहे का विचारत राहिली. एक दिवस दुपारी सात नंबरातली पोरगी मोबाईल डोक्यावर धरून रस्त्यावरून धावत आली, "दीदीचं आलं! दीदीचं आलं!" मी ढोल काढला. विस्तवावर तापवायलाही थांबलो नाही, ढिलाच बडवला. तळ्यावरचे लोक जाळं टाकून आले, मासळी उड्या मारत होती आणि कोणाचं लक्ष नव्हतं. त्या दहाबारा घरांतल्या बायकांनी तिला उचलली. ती ओरडत होती, "सोडा, सोडा, आधी नकला काढा!"

दुसऱ्या दिवशी ती माझ्या अंगणात आली. पेटी सोडली, तो दाखला वर ठेवलेला दाखवला, पुन्हा लुगड्याच्या काठानं बांधली. त्याखाली दहाबारा घरांच्या नव्या फाईली होत्या. चार फाईलींत बांबूच्या वहीची एकेक नक्कल, कारण ती चार घरं त्याच साली आलेली. बाकीच्यांसाठी कोणतं साल कशानं आठवतं ते ती मला विचारून लिहून घेत होती. पूर कोणता, वाघ कोणता, शाळेचं छप्पर कधी उडालं.

तेवढ्यात फोन आला. पलीकडच्या वस्तीत कोणी म्हातारी गेली होती. पारुलबाईनं वही मिटली, पाय दांडीवरून टाकला, कसा टाकला ते याही वेळी कळलं नाही.

फाटकापाशी पाय टेकून वळली. "दादा, मी मेली तं हा कागद संग द्याचा नाई. पेटी तुमी उचलायची."

"मी तुयापेक्षा पंधरा वर्षांनं मोठा आहे. मी आधी जाईन."

"मंग मी येईन तुमच्या दारात. तुमची कुठी आहे?"

 ती हसली, लाल दात दिसले, आणि पायडल मारत धुळीच्या रस्त्यानं गेली. मागची हिरवी पेटी वळणापर्यंत दिसत होती.

मग मी उठलो. बापाची दीक्षेची पावती, माझा नेमणुकीचा हुकूम, शाळेचा दुसरीचा दाखला, सगळं शोधून एका डब्यात भरलं आणि डबा दाराच्या आत उंबऱ्यापाशी ठेवला. सून म्हणाली, "बाबाजी, वाटेत काऊन ठेवता? पायात येते."

मी म्हटलं, "राहू दे. एक बाई विचाराले येईल, तिले दारातूनच दिसला पाह्यजे."